विश्लेषण : वेस्ट इंडिजला हरवण्यात आता मजा का उरली नाही?

भारत आणि वेस्ट इंडिज यांच्यात आजवर १०२ कसोटी झाल्या. पहिल्या ७५ कसोटींत त्यांनी ३० जिंकल्या, आपण ८. नंतरच्या २७ कसोटींत आपण १७ जिंकल्या, त्यांनी एकही नाही. एकेकाळी ज्यांच्याशी अनिर्णित राहिलं तरी समाधान वाटायचं, तेच आज आपल्याकडे दोन कसोटींचे पाहुणे होऊन येतात. हे कसं घडलं?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीत भारताने वेस्ट इंडिजला सात गडी राखून हरवलं आणि मालिका २-० अशी जिंकली. कर्णधार म्हणून शुभमन गिलचा हा पहिला मालिका विजय होता. फॉलोऑन मिळाल्यावर जॉन कॅम्पबेल आणि शाय होप या दोघांनी शतकं ठोकली, शेवटच्या जोडीने ७९ धावा जोडल्या, सामना पाचव्या दिवसापर्यंत ताणला गेला. एवढं होऊनही दिवाळीच्या खरेदीत गुंतलेल्या बाजारपेठेत या विजयाचा विषय फारसा कुणी काढला नाही. जिंकणार होतो, जिंकलो, इतकंच.

त्या दिवशी भारतापुढे लक्ष्य होतं १२१ धावांचं. हा आकडा लक्षात ठेवावा. या दोन संघांच्या इतिहासात त्याला दोन सख्खे भाऊ आहेत.

आकड्यांची फाळणी कुठे होते?

तारीख नेमकी सांगता येते : २२ मे २००२. त्या दिवशी जमैकातल्या किंग्स्टनला वेस्ट इंडिजने भारताला १५५ धावांनी हरवलं आणि पाच कसोटींची मालिका २-१ ने घेतली. त्यानंतर त्यांनी भारताविरुद्ध कसोटी जिंकलेली नाही. भारताने मात्र तेव्हापासून सलग दहा मालिका जिंकल्या. एकूण हिशेब अजूनही त्यांच्याच बाजूने आहे, ३० विरुद्ध २५, आणि ४७ अनिर्णित. पण हे वडिलोपार्जित जमिनीसारखं झालं. सातबारा नावावर आहे, कसणारा दुसराच.

आलेखावर मांडलं तर ही दोन संघांची बरोबरीची झुंज कधीच दिसत नाही. आधी एक उतार, मग दुसरा. तरीही निदान पन्नास वर्षं तिला ईर्षा म्हणता येत होतं. कोल्हापुरात या बाबतीत दोन वेगळे शब्द आहेत. खुन्नस म्हणजे समोरच्याचं वाईट व्हावं, ही इच्छा. ईर्षा म्हणजे समोरचा जे करतो ते आपल्यालाही जमलं पाहिजे, ही आग. शाहू स्टेडियमवर पेठांच्या तालमींचे फुटबॉल सामने पाहणाऱ्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. पाकिस्तानशी आपलं नातं बरंचसं पहिल्या प्रकारचं. वेस्ट इंडिजशी होतं ते दुसऱ्या प्रकारचं.

सहा धावा आणि एक चेंडू

स्वातंत्र्यानंतर भारतात कसोटी खेळायला आलेला पहिला संघ वेस्ट इंडिजचाच. १९४८-४९ चा तो हिवाळा. एव्हर्टन वीक्सने दिल्लीत १२८, मुंबईत १९४, कोलकात्यात १६२ आणि १०१ अशी शतकांची रांग लावली. त्याआधीचं इंग्लंडविरुद्धचं धरून सलग पाच डावांत पाच शतकं. मद्रासला तो ९० वर धावबाद झाला नसता तर सहा झाली असती.

याच मद्रास कसोटीत एका भारतीय गोलंदाजाने १५९ धावांत ७ बळी घेतले. दत्तू फडकर. जन्म कोल्हापूरचा, डिसेंबर १९२५ चा. भारत तो सामना डावाने हरला, त्यामुळे ती कामगिरी कुणाच्या फारशी स्मरणात नाही. पण पुढच्याच सामन्यात, फेब्रुवारी १९४९ मध्ये ब्रेबर्न स्टेडियमवर, हेच फडकर इतिहासाच्या दारात उभे होते.

भारताला जिंकायला ३६१ हवे होते. सांगलीच्या विजय हजारेंनी १२२ केले, रुसी मोदींनी ८६. गडी पडत गेले, धावा होत गेल्या, आणि घड्याळाचा काटाही पुढे सरकत राहिला. वेस्ट इंडिजने वेळ काढायला सुरुवात केली. शेवटच्या षटकात फडकर नाबाद ३७ वर, धावफलक ८ बाद ३५५. सहा धावा कमी. षटकातला एक चेंडू आणि जवळपास दीड मिनिट शिल्लक असताना पंचांनी बेल्स उचलल्या, असं त्या सामन्याचं वर्णन पुढे पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं. तो चेंडू पडला असता तरी त्यावर सहा धावा निघायला षटकारच लागला असता, हे खरं. पण भारताने तोवर एकही कसोटी जिंकली नव्हती. पहिला विजय असा हातातोंडाशी येऊन गेला. तो मिळायला १९५२ उजाडलं, तोही इंग्लंडविरुद्ध. वेस्ट इंडिजवरच्या विजयासाठी तर आणखी २२ वर्षं लागली.

जाता जाता कोल्हापूरकरांना चुटपुट लावणारी एक नोंद. त्याच मोसमात, वेस्ट इंडिजचा संघ भारतात फिरत असतानाच, डिसेंबर १९४८ मध्ये आपल्या भाऊसाहेब निंबाळकरांनी पुण्यात महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम नऊ धावांवर आला असताना समोरच्या संघाने सामनाच सोडून दिला. निंबाळकरांना त्या मालिकेत नाही, पुढेही कधी नाही, एकही कसोटी खेळायला मिळाली नाही.

हरणाऱ्या संघाला पाच कसोटी कशाला?

१९४८-४९ : पाच कसोटी. १९५२-५३ : पाच. १९५८-५९ : पाच. १९६१-६२ : पाच. १९६६-६७ : तीन. एकूण २३. यात वेस्ट इंडिजचे विजय १२, भारताचे शून्य, बाकी ११ अनिर्णित. आजच्या भाषेत या मालिकांना ‘एकतर्फी’ म्हटलं असतं आणि प्रक्षेपण कंपन्यांनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. १९६२ मध्ये तर ५-० असा निकाल लागला.

पण त्या हरण्यातही काय काय घडत होतं पाहा. १९५३ मध्ये हजारेंच्या संघातून गेलेल्या सुभाष गुप्तेंनी वॉरेल, वीक्स, वॉलकॉट या तिघांसमोर लेगस्पिन टाकत पाच कसोटींत २७ बळी घेतले. गॅरी सोबर्स त्यांना आपण पाहिलेला सर्वोत्तम लेगस्पिनर म्हणायचा. माधव आपटेंनी पोर्ट ऑफ स्पेनला सलामीला येऊन नाबाद १६३ केले, मालिकेत ४६० धावा जमवल्या आणि त्यानंतर त्यांना भारताकडून एकही कसोटी खेळवलं गेलं नाही. (आपल्या निवड समित्यांचा इतिहास हा वेगळ्याच लेखाचा विषय आहे.) विजय मांजरेकरांनी किंग्स्टनला ११८ केले. छत्तीस वर्षांनी, १९८९ मध्ये, त्यांचा मुलगा संजय याने मार्शल आणि कंपनीसमोर बार्बाडोसला १०८ केले. मुंबईतल्या एका घराला दोन पिढ्या याच बाजारात आपलं नाणं वाजवून पाहावं लागलं.

१९५८-५९ मध्ये वेस हॉल आणि रॉय गिलख्रिस्ट यांनी भारतीय फलंदाजीचा इतका पालापाचोळा केला की पाच कसोटींत आपण चार कर्णधार बदलले. गुप्तेंनी कानपूरला एका डावात १०२ धावांत ९ बळी घेतले, तरी भारत २०३ धावांनी हरला. पुण्याच्या चंदू बोर्डेंनी दिल्लीत १०९ आणि ९६ करून शेवटचा सामना वाचवला.

मग मार्च १९६२. बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू भारताचा कर्णधार नरी काँट्रॅक्टरच्या डोक्यावर आदळला. कवटीला तडा गेला, जिवावर बेतलं. रक्त हवं होतं. देणाऱ्यांत वेस्ट इंडिजचा कर्णधार फ्रँक वॉरेल होता. त्याच्यासोबत आपले बोर्डे, नाशिकचे बापू नाडकर्णी आणि सोलापुरात जन्मलेले पॉली उम्रीगर. बंगालची क्रिकेट संघटना आजही वॉरेलच्या नावाने रक्तदान शिबिर भरवते. काँट्रॅक्टर वाचला, पण पुन्हा कसोटी खेळला नाही. त्याच दौऱ्यात उम्रीगर पोर्ट ऑफ स्पेनला ५६ आणि नाबाद १७२ करून, मध्ये पाच बळीही घेऊन हरलेल्या संघातून परतले.

तेव्हा दौरे बोटीने व्हायचे, गेलं की महिनोन्‌महिने राहावं लागायचं, म्हणून सामनेही जास्त खेळले जायचे, हे मान्य. सगळंच काही वेस्ट इंडिजचं औदार्य नव्हतं. पण परिणाम तोच झाला. सतत हरणाऱ्या भारताला जगातल्या उत्तम संघापुढे वारंवार, दीर्घ काळ उभं राहायला मिळालं. पुढे जे घडलं त्याची मशागत इथेच झाली.

१९७१ : लक्ष्य १२४

वाडेकरांचं कर्णधारपद विजय मर्चंट यांच्या निर्णायक मतावर ठरलेलं. संघात मुंबईच्या मैदानांवर वाढलेल्यांचा भरणा : वाडेकर स्वतः, मूळचे मडगावचे दिलीप सरदेसाई, हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा एकनाथ सोलकर, अशोक मांकड आणि २१ वर्षांचा सुनील गावस्कर.

किंग्स्टनच्या पहिल्या कसोटीचा पहिला दिवस पावसात गेला. भारत ५ बाद ७५. तिथून सरदेसाईंनी २१२ केले, सोलकरांनी ६१. भारत ३८७, वेस्ट इंडिज २१७. आघाडी १७० ची. पाच दिवसांच्या सामन्यात फॉलोऑनला २०० ची आघाडी लागते, पण पहिला दिवस वाया गेला की सामना चार दिवसांचा धरतात आणि १५० पुरतात. वाडेकरांना नियम पाठ होता. ते सोबर्सकडे गेले आणि शांतपणे म्हणाले, तुम्हीच पुन्हा खेळायला या. सामना अनिर्णित राहिला. पण ज्या संघाला आपण २३ कसोटींत एकदाही हरवलं नव्हतं त्याला पुन्हा फलंदाजीला बोलावण्यात काय होतं, हे त्या वेळी रेडिओला कान लावून बसलेल्यांना विचारावं.

दुसरी कसोटी पोर्ट ऑफ स्पेनला, दोन्ही संघांमधली पंचविसावी. बोटाला झालेल्या जखमेमुळे पहिला सामना हुकलेला गावस्कर इथे पदार्पणाला उतरला : ६५ आणि नाबाद ६७. सरदेसाई ११२. दुसऱ्या डावात सलीम दुराणीने सोबर्सला शून्यावर आणि क्लाइव्ह लॉइडलाही उडवलं. लक्ष्य राहिलं १२४. भारत ३ बाद १२५. तारीख १० मार्च १९७१. दिल्लीच्या १२१ चा हा थोरला भाऊ.

गावस्करने चार कसोटींत ७७४ धावा केल्या, सरदेसाईंनी पाचमध्ये ६४२. गावस्करवर त्रिनिदादच्या लॉर्ड रिलेटरने कॅलिप्सो रचलं. हरवून गेलेल्या पाहुण्यावर गाणं करणारे यजमान जगात किती असतील?

पोर्ट ऑफ स्पेनच का, याचंही उत्तर आहे. भारताचे वेस्ट इंडिजमधले पहिले तिन्ही कसोटी विजय, १९७१, १९७६ आणि २००२ चे, याच मैदानावरचे. खेळपट्टी फिरकीला साथ देणारी, हे एक. दुसरं म्हणजे १८४५ मध्ये भारतीय गिरमिटियांना घेऊन पहिलं जहाज त्रिनिदादला लागलं, तेव्हापासून बेटाच्या लोकसंख्येचा मोठा हिस्सा भारतीय वंशाचा आहे. सॉनी रामाधीन त्यांच्यातलाच. तो वेस्ट इंडिजकडून खेळला, पण स्टँडमधले अनेक जण भारतासाठी टाळ्या वाजवायचे. परमुलखात घरचं मैदान मिळालेला भारत हा विरळाच पाहुणा.

आपणच जागा केलेला राक्षस

एप्रिल १९७६. तिसरी कसोटी खरं तर गयानात व्हायची, पावसामुळे ती पुन्हा पोर्ट ऑफ स्पेनला आली. लॉइडने ६ बाद २७१ वर डाव सोडला. भारतापुढे ४०३. चौथ्या डावात चारशेच्या पुढचं लक्ष्य तोवर फक्त ब्रॅडमनच्या ऑस्ट्रेलियाने गाठलेलं. गावस्कर १०२, विश्वनाथ ११२, मोहिंदर अमरनाथ ८५. भारत ४ बाद ४०६. इकडे जोतिबाच्या डोंगरावर चैत्र यात्रेसाठी सासनकाठ्या निघण्याचे ते दिवस. तिकडे झालेला विक्रम पुढची २७ वर्षं मोडला नाही.

लॉइडच्या संघात त्या सामन्यात तीन फिरकीपटू होते. त्याने घेतलेला धडा सोपा होता : फिरकी बंद. पुढच्या किंग्स्टन कसोटीत मायकेल होल्डिंग आणि वेन डॅनियल यांनी असमान उसळीच्या खेळपट्टीवर अंगावर चेंडू टाकायला सुरुवात केली. अंशुमन गायकवाड ८१ वर असताना कानावर चेंडू लागून रुग्णालयात गेला. विश्वनाथ आणि ब्रिजेश पटेलही जखमी झाले. बेदीने निषेध म्हणून ६ बाद ३०६ वर डाव सोडला. दुसऱ्या डावात भारत ९७ वर थांबला, कारण फलंदाजीला यायला पाच जण उरलेच नव्हते. त्यानंतर दोन दशकं जगभरच्या फलंदाजांनी वेस्ट इंडिजच्या चार वेगवान गोलंदाजांचा जो मारा सोसला, त्याच्या मुळाशी आपला ४०६ चा विजयही आहे. १९८० ते १९९५ या काळात तो संघ एकही कसोटी मालिका हरला नाही.

गावस्करच्या वेस्ट इंडिजविरुद्धच्या १३ शतकांचं गुणगान आपण नेहमी करतो. थोडं तपासून करायला हरकत नाही. त्यातली चार १९७१ ची, म्हणजे होल्डिंग-रॉबर्ट्सच्या आधीची. चार १९७८-७९ ची, जेव्हा त्यांचे बडे खेळाडू पॅकरच्या सर्कशीत होते. उरलेली पाच इतर मालिकांतली. पैकी एक फार मोलाचं. १९८३ मध्ये कानपूरला मार्शलच्या चेंडूने त्याच्या हातातली बॅट उडवली. सगळीकडे चर्चा सुरू झाली की संपला. पुढच्या दिल्ली कसोटीत त्याने हुक आणि पुल मारत ९४ चेंडूंत शतक ठोकलं आणि ब्रॅडमनच्या २९ शतकांशी बरोबरी केली. डोक्यावर हेल्मेट नव्हतं.

२५ जून १९८३ बद्दल वेगळं सांगायला नको. १८३ विरुद्ध १४०, कपिलचा झेल, लॉर्ड्सची गच्ची, सगळं सिनेमापर्यंत पोहोचलं आहे. पण दोन गोष्टी सिनेमाबाहेर राहतात. एक, त्या विजयाचं बीज तीन महिने आधी गयानातल्या बर्बिसला पडलं. तिथे गावस्करच्या ९० आणि कपिलच्या ७२ धावांवर भारताने वेस्ट इंडिजला पहिल्यांदा एकदिवसीय सामन्यात हरवलं होतं. दुसरी, वर्ल्ड कप हरलेला लॉइडचा संघ काही महिन्यांतच भारतात आला आणि सहा कसोटींची मालिका ३-०, एकदिवसीय मालिका ५-० अशी धुऊन गेला. ईर्षा म्हणतात ती ही.

आणि मग १२०

१९८८ ला मद्रासमध्ये नरेंद्र हिरवाणीने पदार्पणात १६ बळी घेतले, १९९४ ची मालिका १-१ सुटली. हे सोडलं तर सांगण्यासारखा सामना १९९७ चा ब्रिजटाऊन. सचिन तेंडुलकर कर्णधार, लक्ष्य १२०. भारत सर्वबाद ८१. दोन आकडी धावसंख्या एकट्या लक्ष्मणची, १९. दिल्लीच्या १२१ चा हा दुसरा भाऊ, घराण्याला काळिमा लावणारा. १९७१ मध्ये १२४ गाठताना छाती फुगली होती, १९९७ मध्ये १२० ने झोप उडवली, २०२५ मध्ये १२१ गाठले तेव्हा काहीच वाटलं नाही. लक्ष्य जवळपास तेच. फरक समोरच्या संघात पडला.

२२ मे २००२ ला वेस्ट इंडिजने आपल्याविरुद्धची शेवटची कसोटी जिंकली. नऊ दिवसांनी, ३१ मे रोजी, पोर्ट ऑफ स्पेनमध्ये सुभाष गुप्तेंचं निधन झालं. त्रिनिदादच्या मुलीशी लग्न करून ते तिथेच स्थायिक झाले होते.

पारडं का फिरलं?

‘पोरं बास्केटबॉलकडे वळली’ हे उत्तर तयार असतं. ते अर्धवट आहे. बार्बाडोसची लोकसंख्या तीन लाखांच्या आत, म्हणजे आपल्या कोल्हापूर शहराच्या जवळपास निम्मी. त्या बेटाने सोबर्स, वॉरेल, वीक्स, वॉलकॉट, हॉल, ग्रिफिथ, गार्नर, मार्शल, ग्रीनिज, हेन्स दिले. एवढ्याशा विहिरीतून इतकं पाणी पन्नास वर्षं निघालं, हेच आश्चर्य. ती आटली तर नवल नाही.

त्यात वेस्ट इंडिज हा देशच नाही. वेगवेगळ्या बेटांच्या संघटनांनी मिळून चालवलेला तो संघ आहे. पैसा कमी, विमानप्रवास महाग, खेळाडू आणि मंडळ यांच्यात मानधनावरून कायम भांडण. ऑक्टोबर २०१४ मध्ये तर हा संघ भारत दौरा धरमशाळेतून अर्धवट सोडून गेला. तीन कसोटी रद्द झाल्या. भारतीय मंडळाने सुमारे ४ कोटी २० लाख डॉलरची भरपाई मागितली. पुढे प्रकरण मिटलं आणि २०१६ मध्ये भारत तिकडे गेला, चार कसोटींसाठी. शेवटची पोर्ट ऑफ स्पेनला. ज्या मैदानावर १९७१ आणि १९७६ घडलं, तिथे पाच दिवसांत २२ षटकांचा खेळ झाला, कारण मैदान वाळेना.

गुणवत्ता संपली म्हणावं, तर तेही खरं नाही. ३१ मार्च २०१६ ला वानखेडेवर टी-२० विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत भारताने १९२ केल्या, तरी लेंडल सिमन्सने ५१ चेंडूंत नाबाद ८२ मारून सामना काढून नेला. सिमन्स काही दिवस आधी बदली खेळाडू म्हणून आला होता. वानखेडे त्याला नवं नव्हतं, तो मुंबई इंडियन्सकडूनच खेळायचा. पोलार्डला तर मुंबईकर आपलाच मानतात. चांगला कॅरेबियन खेळाडू आजही भारतात येतो, भारतीय प्रेक्षकांसमोर खेळतो, कमावतो. फक्त मरून टोपी घालून पाच दिवस खेळण्यासाठी येत नाही. त्याला दोष कोणत्या तोंडाने द्यायचा?

आता पैशाचा हिशेब. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या २०२४ ते २०२७ या काळातल्या वाटपात भारताचा वाटा सुमारे ३८.५ टक्के, वेस्ट इंडिजचा साडेचार टक्क्यांच्या आसपास. भारत प्रेक्षक आणतो, म्हणून जास्त घेतो, हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण जोतिबाच्या यात्रेत सासनकाठी नाचताना पाहिलेल्याला तो अपुरा वाटेल. पन्नास-साठ फूट उंच काठी एक जण पेलतो आणि चारी बाजूंनी बाकीचे दोऱ्या ताणून धरतात. एका बाजूची दोरी सैल पडली, की पेलणारा कितीही दणकट असो, काठी कलते. दोरी ओढणाऱ्याला कमी भाकरी देऊन पेलणाऱ्याचं बळ वाढत नाही.

या बाबतीत आपलं वागणं कसं आहे? २००२ नंतर या दोन संघांत पाच कसोटींची मालिका झालेली नाही. २०१८, २०१९, २०२३, २०२५ : प्रत्येक वेळी दोनच कसोटी. इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाशी मात्र पाच-पाच. २०१३ मध्ये तेंडुलकरची दोनशेवी कसोटी मायदेशी व्हावी म्हणून घाईघाईने वेस्ट इंडिजला बोलावलं. कोलकाता आणि मुंबई, दोन्ही सामने तीन दिवसांत संपले. सचिनच्या निरोपाच्या भाषणाने सगळ्यांचे डोळे पाणावले, आपलेही. पण त्या सोहळ्यात समोरच्या संघाचं काम मांडववाल्याचं होतं.

याच वानखेडेवर त्याआधी दोन वर्षं, नोव्हेंबर २०११ मध्ये, वेस्ट इंडिजने पहिल्या डावात ५९० केले होते. शेवटच्या दिवशी भारताला २४३ हव्या होत्या. शेवटच्या चेंडूवर दोन धावा हव्या असताना अश्विन दुसरी धाव घेताना बाद झाला. ९ बाद २४२. धावा समसमान आणि सामना अनिर्णित, कसोटीत क्वचितच लागणारा निकाल. ब्रेबर्नला सहा धावा कमी पडल्या होत्या, तिथून चालत जाण्याइतक्या अंतरावरच्या वानखेडेवर एक. वेळ आणि सामने मिळाले, तर हा संघ अजून आपल्याला घाम फोडू शकतो. दिल्लीत कॅम्पबेल आणि होप यांनी तेच केलं.

पुढे काय?

कसोटी खेळणाऱ्या देशांची दोन गटांत विभागणी करण्याचा प्रस्ताव २०२५ मध्ये पुन्हा चर्चेला आला. वरच्या गटात भारत, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड यांनी आपसांत जास्त खेळायचं, खालच्यांनी खाली. आजच्या क्रमवारीत वेस्ट इंडिज खालीच जाणार. ज्या क्लाइव्ह लॉइडने १९६६ मध्ये मुंबईत कसोटी पदार्पण केलं आणि १९७५ मध्ये वानखेडेच्या पहिल्याच कसोटीत नाबाद २४२ केले, त्याने या कल्पनेला जाहीर विरोध केला. असा नियम १९४८ मध्ये असता तर खालच्या गटात आपण असतो. २३ कसोटींत एकही विजय नसलेल्या संघाला सोबर्स, हॉल, वॉरेल यांच्यासमोर उभं राहायला मिळालं नसतं आणि १९७१ साठी वाडेकरांकडे ना सरदेसाई असते, ना फॉलोऑनचा नियम वापरायची संधी.

भारतीय मंडळाला यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही. परदेश दौऱ्यांच्या आराखड्यात पुढच्या वेळी वेस्ट इंडिजच्या नावापुढे दोनऐवजी चार किंवा पाच लिहायचं आणि त्यातली एक कसोटी पोर्ट ऑफ स्पेनला ठेवायची. या दोन संघांची १०३ वी कसोटी कधी होणार, यापेक्षा त्या मालिकेत १०६ वी आणि १०७ वीही होणार का, हा प्रश्न मोठा आहे.